धूर बघा आधी

माझी बायको सगुणा गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला माणसं पुष्कळ जमली. मांडव अपुरा पडला. मग एकेक जण माईक धरून बोलायला उठला. एक म्हणाला, सगुणाबाई फार शांत होत्या. दुसरा म्हणाला, सोशिक होत्या, कधी कुणाला वर तोंड करून बोलल्या नाहीत. तिसऱ्यानं तर तिला मायेचा सागरच करून टाकलं. मी पुढं सतरंजीवर बसलो होतो. मनात म्हटलं, हे कुणाबद्दल चाललंय? माणसं चुकून दुसऱ्याच्या मांडवात तर शिरली नाहीत?

सगुणा शांत बिलकूल नव्हती. घोडेगावच्या बाजारात ती या टोकाला बोलली की त्या टोकाच्या म्हशी माना वळवायच्या. आणि सोसायचं म्हणाल तर सोसलं मी, गाडीच्या मिस्त्रीनं, बाजारातल्या दलालांनी. मांडवाच्या मागच्या बाजूला शेळ्यांचे दोन व्यापारी उभे होते. त्यांच्या हातात माईक कुणी दिला नाही. जाताना त्यातला एक माझ्यापाशी आला, हात धरला आणि म्हणाला, "बाबा, मावशीच्या शिव्या खाल्ल्याबिगर बाजार केल्यागत वाटायचंच न्हाई." एवढं बोलला आणि डोळे पुसत निघून गेला. त्या दिवसातलं खरं भाषण तेवढंच. बाकीचं खरं आता मी लिहितो. शुद्धलेखन कुणी बघू नये.

आमची वस्ती मिरजगावच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडी आत, चढावर. धंदा शेळ्यांचा. आठवडाभर सगुणा आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरायची, शेळी बघायची, दात बघायची, कास बघायची, घासाघीस करून आणायची. बाजाराच्या दिवशी आम्ही पहाटे गाडी भरून नगरवरून घोडेगावला. लोक मला शेळ्यांचा व्यापारी समजायचे. मी ड्रायव्हर होतो. धंदा तिचा.

बाजारात दलाल लोक टॉवेलाखाली हात घालून बोटांवर भाव करतात, म्हणजे शेजारच्याला कळू नये. बाईमाणसाचा हात टॉवेलाखाली धरायला सुरुवातीला कुणी तयार होईना. सगुणा म्हणाली, "नगा धरू. मला काय चोरी करायचीय का?" आणि तिनं भाव मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. अख्ख्या बाजाराला ऐकू जायचा. दलाल कावायचे. म्हणायचे, "मावशी, जरा हळू." ती म्हणायची, "का? भाव झोपलाय का?"

आता गाडीचं सांगतो, कारण गाडी सांगितल्याशिवाय सगुणा सांगता येत नाही. जुनी डिझेल पिकअप. पुढं बॉनेट, मागं हौदा. आमच्याकडं आली तेव्हाच दोन मालक करून आलेली. उन्हाळ्यात चावी फिरवली की चालू. पण दिवाळी झाली, गारठा पडायला लागला, की पहाटे नुसती घरघर करायची आणि बसायची. डिझेल गाडीला ठिणगी नसते. आत हवा दाबली जाते, ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेवर डिझेल पेटतं. इंजिन गारठलेलं असलं की हवा पुरती तापत नाही. त्यासाठी हीटर प्लग असतात, चावी अर्धी फिरवली की ते आतून लाल होतात. आमच्या गाडीचे प्लग माझ्यासारखेच म्हातारे. तापायला वेळ लावायचे.

आणि वेळ तर नसायचाच. घोडेगावला चांगलं गिऱ्हाईक उजाडता उजाडता येतं. शेळी पाळायला नेणारं, पैसे बांधून आलेलं. ऊन वर आलं की उरतात ते नुसते भाव पाडणारे. गाडी पहाटे चालू झाली तर बाजार, नाहीतर शेळ्या परत दावणीला. सगुणाचा सगळा धंदा त्या घरघरीवर टांगलेला होता. म्हणून ती गाडीच्या मागं लागली.

तिची पद्धत ठरलेली. मी चावी अर्धी फिरवायची. ती गाडीमागं सायलेन्सरपाशी उभी राहून मिशरी लावायची. वरचे दात, खालचे दात, दाढा, सगळं घासून झालं की थुंकायची आणि ओरडायची, "मारा!" तोवर हीटर तापलेला असायचा. मिस्त्री म्हणायचा, एवढा वेळ हीटर लावू नका, प्लग जळतील. सगुणा म्हणायची, "तुज्या गाडीला कमी लाव. माजी गाडी माज्या दातावर चालती."

मी स्टार्टर मारला की ती धूर बघायची. बाकी काही बघायची नाही. कुणी काही सांगायला लागलं, बॅटरी असेल, पंप असेल, नोझल असेल, की तिचं एकच. "धूर बघा आधी." हे मुळात तिला मिस्त्रीनंच एकदा सांगितलं होतं, पण पुढं तिनं ते चुलीच्या भाषेत करून घेतलं आणि स्वतःचं म्हणून खपवलं. "धूरच न्हाई, म्हंजी चुलीत लाकूडच न्हाई. डिझेल पोचंना. मग फुकून काय उपेग? आधी लाकूड घाला. पांढरा धूर हाय, म्हंजी लाकूड हाय पन वलं हाय. मग फुका, तापवा. काळा धूर आला की तवा टाका." धूर नसला की मी खाली उतरून फिल्टरवरचा हातपंप दाबत बसायचो, लाईनमधली हवा काढायला. पांढरा असला की पुन्हा हीटर. तेवढ्यासाठी तिला दुसऱ्यांदा मिशरी लावावी लागायची. थंडीच्या दिवसांत तिची मिशरीची डबी लवकर संपायची.

सगळंच तिला कळायचं असं नाही. एकदा तिनं कुणाचं तरी ऐकून डिझेलमध्ये रॉकेल ओतलं. म्हणे, रॉकेल लवकर पेटतं, चुलीला आपण घालतोच की. गाडी अशी खडखडायला लागली की शेळ्या हौद्यात उभ्या राहीनात. मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. हमीद मिस्त्री त्याचं नाव, मिरजगावला रस्त्याकडंला त्याचं गॅरेज. म्हणाला, "भाभी, ही गाडी हाय, कंदील न्हाई." सगुणानं चूक कबूल केली नाही. तिनं त्याला विचारलं, "मंग चालू झाली का न्हाई?" झाली होती, हे खरं.

बॅटरीचं तर विचारू नका. गारठ्यात बॅटरी मंदावते. मग ती संध्याकाळी बॅटरी सोडवून घरात आणायला लावायची आणि चुलीपासून बेताच्या अंतरावर, वर गोधडी घालून ठेवायची. एकदा व्याही मुक्कामाला आले. पौषातली थंडी. सकाळी उठून बघतो तर बॅटरीच्या अंगावर गोधडी आणि व्याह्यांच्या अंगावर चादर. व्याही गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. मी हिला म्हटलं, "अगं, जरा तरी लाज?" ती म्हणाली, "त्यास्नी कुटं बाजाराला जायचंय?" व्याही भला माणूस. त्यानं हे पुढं प्रत्येक लग्नात सांगितलं. मुलीकडच्या पाहुण्यांत आमची ओळखच ती झाली, बॅटरीला गोधडी घालणारे सोयरे.

एका हिवाळ्यात मात्र काहीच चालेना. रोज पांढरा धूर. मिशरी दोनदा झाली, तीनदा झाली, गाडी पेटेना. हमीदनं प्लग बदलले. तरी पांढराच. मग तो म्हणाला, इंजिन खोलावं लागंल. इंजिन खोलायचं म्हणजे बाजार बुडाला. सगुणा दिवसभर गाडीभोवती फिरली. बॉनेटवर बुक्की मारली. संध्याकाळी हमीद परत आला तशी त्याला म्हणाली, "लाकूड पोचतंय, ते दिसतंय. पन जाळ पोचतोय का, ते बघितलं का तू?"

हमीदनं टेस्ट लॅम्प लावला. नव्या प्लगला करंटच येत नव्हता. वायर पकडत पकडत तो मागं गेला आणि मोठ्यानं हसायला लागला. वायर मधेच तुटलेली, आणि तुटलेल्या जागी दाताच्या खुणा. आदल्या आठवड्यात मी बॉनेट उघडं टाकून जेवायला गेलो होतो आणि शेजारी शेळ्या बांधलेल्या होत्या. त्यातली एक दिवसभर बें बें करायची, तिला आम्ही वकिलीण म्हणायचो. वकिलीणबाईंनी वायर खाल्ली होती. पुढच्या बाजारात सगुणानं तिला विकली. गिऱ्हाइकानं विचारलं, "खाती का नीट?" सगुणा म्हणाली, "सगळं खाती. वायरबी खाती. घरात लाईट असली तर संबाळून." त्याला वाटलं, चेष्टा करतीय.

बाजारात हळूहळू तिचं नाव झालं. थंडीत पहाटे एखाद्याचा टेम्पो बंद पडला की हाक यायची, "मावशी, धूर बघा की!" ती जायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची. राहुरीकडचा एक पोरगेला ड्रायव्हर स्टार्टर मारून मारून घामाघूम झाला होता. हिनं बघितलं, धूर नाही. टाकीचं झाकण काढायला लावलं, आत काडी घातली, काडी कोरडी. "आरं बाबा, काटा अडकलाय तुजा. डिझेल टाकायचं ऱ्हाऊन गेलंय. लग्न झालंय का?" तो म्हणाला, न्हाई. "मग हुईस्तवर गाडी नीट शीक. बायको एवढं बी सांगायची न्हाई." सगळे हसले. तोही हसला.

आमचा मुलगा दिलीप भिंगारला असतो. मिल्ट्रीच्या डेपोत सिव्हिलियन नोकरी, राहायला क्वार्टर. मुलगा गुणी आहे. पण त्याला आईनं पहाटे गारठ्यात सायलेन्सरमागं उभं राहावं हे पटायचं नाही. माझे गुडघे गेले होते. तिला खोकला लागायचा. तो म्हणायचा, "आई, बास झालं. गाडी काढून टाका. भिंगारला या, निवांत ऱ्हावा." ती म्हणायची, "गाडी गेली की माजा बाजार गेला. बाजार गेल्यावर मी तिथं काय करू, तुज्या क्वार्टरच्या कुंड्यास्नी पानी घालू?" वर्षभर हे चाललं. शेवटी दिलीप चिडला आणि म्हणाला, गिऱ्हाईक आणतोच. माझा अंदाज होता, आता घरात भांडी आपटणार. तर ही म्हणाली, "आन. पन सकाळी आन. गारठ्यात आन. गार गाडी बघू दे त्याला, मागनं बोल नगो."

दिलीप खूश झाला. मी झालो नाही. कारण गिऱ्हाईक यायचं त्याच्या आदल्या रात्री तिनं बॅटरी घरात आणायला सांगितली नाही.

सकाळी दिलीप गिऱ्हाईक घेऊन आला. श्रीगोंद्याकडचा माणूस, वीटभट्टीवाला, अंगात जाड स्वेटर, कानाला मफलर. "रामराम," म्हणाला. सगुणा "जयभीम, बसा," म्हणाली आणि चहाला न उठता ओट्यावर मिशरीची डबी काढून बसली. माणूस तयारीचा होता. जुनी डिझेल घेणारा हुशार माणूस आल्या आल्या बॉनेटवर पंजा ठेवतो. विकणाऱ्यानं आधीच चालू करून तापवून ठेवली असली तर तिथंच कळतं. त्यानं पंजा ठेवला. "गार हाय. हे बरं केलं," म्हणाला.

मग त्यानं चावी मारली. गाडीनं घरघर केली, मागं पांढरा धूर सोडला आणि गप. पुन्हा घरघर, पुन्हा धूर. तो हीटर जेमतेम लावायचा, लगेच स्टार्टर. सगुणा ओट्यावर आरामात दात घासत होती. अशी प्रसन्न मी तिला फार दिवसांत बघितली नव्हती. चारदोन वेळा झाल्यावर बॅटरी कण्हायला लागली. दिलीपचं तोंड उतरलं. सगुणाला आता फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं केलं असतं की गिऱ्हाईक गेलं असतं आणि गाडी राहिली असती.

तेवढ्यात तो माणूस खाली उतरला, हात झटकले आणि दिलीपला म्हणाला, "इंजनात काय ऱ्हायलं न्हाई पावनं. मोडीत जाईल. मेलेली गाडी हाय ही."

सगुणा थुंकली. उठली.

"कोन मेलंय?"

"मावशी, रागावू नका, गाडी—"

"तुजी गाडी मरंल! बाजूला हो म्हनजे हो, चावी दे हिकडं. पांढरा धूर दिसतोय का न्हाई तुला? पांढरा धूर सोडती ती मेलेली आसती का? वलं लाकूड हाय नुसतं!"

मी म्हटलं, "अगं ए..." पण ती आता कुणाची ऐकते? रेडिएटरचं गार पाणी सोडायला लावलं. अंघोळीसाठी चुलीवर तापवलेलं पाणी दिलीपला बादलीनं आणायला लावलं आणि रेडिएटरमध्ये ओतलं. मला गाडीत बसवलं. "हीटर लावा." आणि राहिलेली मिशरी पुरी केली. बॅटरीत स्टार्टर ओढायचा जोर नव्हता, पण आमची गाडी उतारावर तोंड करूनच उभी असायची. "दुसरा गेर टाका, आन मी म्हनल्याबिगर किलच सोडू नगा. दिल्या, लाव हात. आन तुमी वं पावनं, बघत काय बसला? लावा की हात! मेलेलीला चौघं लागत्यात, ही जिती हाय, तिघांत हुतंय!"

वीटभट्टीवाल्यानं मफलर सोडला आणि हात लावला. गाडी घरंगळली. मागनं आवाज आला, "सोडा!" मी क्लच सोडला. गाडीनं एक हिसका घेतला, ढेकर दिला, पांढरा लोट, मग काळा, मग धूर विरळ होत होत नुसती गरम वाफ. इंजिन एकसारखं फिरायला लागलं. मी आरशात बघितलं. सगुणा रस्त्याच्या मधोमध, तोंडाला काजळी लागलेली, दोन्ही हात कमरेवर.

वीटभट्टीवाला धापा टाकत तिच्याकडं बघत होता. मग इंजिनाचा आवाज ऐकायला कान लावला. आणि म्हणाला, "मावशी, इंजन तर एकदम खनखनीत हाय. आपुन घेतो गाडी. बोला."

तेव्हा सगुणाचं तोंड बघण्यासारखं झालं. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. दिलीप हसू दाबत म्हणाला, "आई, बोल की आता."

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "आज बाजार हाय. उशीर झाला, पन हाय."

"मंग?"

"मंग काय? बंद पडती म्हनून इकायची हुती ना? आता चालू हाय. चालू गाडी कोन इकतं? दिल्या, शेळ्या चढीव."

दिलीप जागेवर उभा. तिनं त्याच्याकडं बघितलं. मोठ्यानं नाही, खालच्या आवाजात म्हणाली, "बाळा, घरात बसवू नगो मला." एवढंच. दिलीपनं मान खाली घातली आणि पहिली शेळी उचलली.

वीटभट्टीवाल्याला नगरपर्यंत यायचं होतं. पुढं जागा नव्हती, दिलीप बसला होता. वीटभट्टीवाला बिचारा स्वेटरसकट मागं शेळ्यांत उभा राहून आला. नगरला उतरला तेव्हा एका शेळीनं स्वेटरची निम्मी बाही उसवून खाल्ली होती. सगुणानं त्याला चहा पाजला आणि वर सांगितलं, "लोकरीची भारी चटक आसती त्यास्नी. तुमी सांगायचं न्हाई का स्वेटर घरचा इनलेला हाय म्हनून?"

त्यानंतर गाडी विकायचा विषय घरात निघाला नाही. दिलीप दर हिवाळ्याच्या तोंडाला येऊन स्वतः प्लग आणि बॅटरी बघून जायचा. भांडण मिटलं आणि बाजार चालू राहिला.

मग तिचा खोकला वाढला. खोकल्याचं दुसरंच काही निघालं. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही, ते तिचं नव्हतं, ते डॉक्टरांच्या कागदावरचं होतं. अंग एवढंसं झालं. पहाटे धूर बघायला ती खुर्ची टाकून बसायची, नंतर तेही होईना. घरात एका माणसाचा चहा करायची सवय मला अजून नाही. पाणी दोघांचंच टाकतो आणि मग कप घेऊन उभा राहतो.

शेवटच्या बाजाराला डॉक्टर नको म्हणाले, दिलीप नको म्हणाला, मीही नको म्हणालो. ती आधीच जाऊन गाडीत बसली होती. घोडेगावला पोचलो, पण तिला खाली उतरता येईना. मी शेळ्या उतरवून गाडीला बांधल्या. आता विकायचं कसं, हा प्रश्न मला पडला, तिला नाही. तिनं काच खाली घेतली, कोपर बाहेर टाकलं आणि तिथूनच बाजार मांडला. गिऱ्हाईक खाली उभं, ती वर. व्यापारी येऊन बोलून जात होते, कुणी चहा आणून दिला. एकेक करून शेळ्या गेल्या. एक काळी पाट, अजून न व्यालेली, राहिली. तिच्यासाठी एकजण मघापासून अडून बसला होता, भाव काही चढवेना, पाय काही हलवेना. मी पाण्याची बाटली घेऊन आलो तेव्हा सगुणा खिडकीतून अर्धी बाहेर आली होती, पदर घसरलेला, डोळे चकाकत होते.

"न्यायची तर ने," ती त्याला म्हणत होती, "न्हाईतर वाट सोड. तुज्या मागं गिऱ्हाइकं खोळंबल्यात."

तो गडबडला आणि त्यानं भाव कबूल केला. मी बघितलं. त्याच्या मागं कुणीच नव्हतं.